एक क्लिप

ग्रिम्सबीत नोव्हेंबर लागला की माझा फोन थांबत नाही.
थर्स्बीबाईंनी मात्र केला नव्हता,
त्यांच्या मुलाने केला, कॅनडातून:
"आईचा बॉयलर माझ्या वयाचा आहे. काढून टाका."
मुलगा त्रेचाळीसचा.
पाटी पुसून पाहिली तर बॉयलर दोन वर्षांनी थोरला निघाला.

आधी पाणी सोडलं.
पाणी कसलं, पंचेचाळीस हिवाळ्यांचा गंज
बादलीत काळा घट्ट उतरत राहिला.
कर्स्टी, माझ्या हाताखालची पोर,
नाक मुरडून म्हणाली, "शाई आहे ही."
बाई म्हणाल्या, "गुलाबांना घालू का?"
"नको हो. मरतील."

रेडिएटर सात. त्यातले दोन बिडाचे;
जिन्यावरून उतरवताना माझा मणका बोलला.
प्रत्येकाच्या मागे भिंतीवर
जुन्या कागदाचा एक चौकोन,
नारिंगी वर्तुळं, उजेड न लागल्याने अजून भडक.
बाई एकेका चौकोनापुढे थोड्या थांबल्या
आणि मग चहा टाकायला गेल्या.

मुलाला हवं होतं फोनवरून चालणारं.
बाई म्हणाल्या, "माझ्या घराची ऊब मला कॅनडातून नको.
खटका द्या. मी उठेन तेव्हा घर उठेल."
तसंच चाललं होतं इतकी वर्षं.
पहाटे साडेपाचला त्या खाली येत, बटण दाबत,
आधी एक धप्प,
मग भिंतीतून वरपर्यंत ठक, ठक, ठक,
आतून कुणी दार वाजवावं तसं.
हे सांगताना त्यांचा सूर
तक्रारीचा होता की कौतुकाचा, कळलं नाही.

दुपारी शेजारचा म्हातारा दारात.
विल्फ कार्गिल, टोपी हातात.
एकवीस वर्षं ट्रॉलरवर, इंजिनखान्यात, आइसलँडच्या पाण्यात.
"नवा आवाज करतो का?"
"फ्रिजपेक्षाही कमी," मी छाती फुगवून म्हणालो.
तो काही खूश झाला नाही.

"बोटीवर," तो म्हणाला, "इंजिनाच्या धडधडीत
आम्ही ओंडक्यासारखे झोपायचो.
ते बंद पडलं की सगळे टक्क जागे."
मग बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला.
"भिंत एकच आहे आमची.
तिचा नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली.
साडेपाचला ठकठक झाली
की मी कूस बदलतो. झालं."
टोपी घातली.
"तिला बोलू नकोस."

संध्याकाळी त्याच भिंतीलगत,
वरच्या खोलीत, फळ्यांखाली,
शेवटचा पाइप टाकला.
तांबं तापलं की वाढतं, त्याला हलायला जागा ठेवायची,
हे मी कर्स्टीला पहिल्या आठवड्यात शिकवलंय.
नाहीतर लाकडाला घासून वाजत राहतं
आणि गिऱ्हाईक फुकटात परत बोलावतं.

तिने टॉर्च मारला.
"गॅव्हिन, ही क्लिप घट्ट राहिली.
आणि इथे पाइप तुळईला टेकलाय."
"राहू दे."
"वाजेल ना पण."
मी फळी बसवली. स्क्रू पिळले, चारही.

कागद भरला: दाब ठीक, धूर ठीक, गळती नाही.
आवाजाला त्यात रकाना नसतो.
भंगारवाल्याने बिडाचे वजनावर घेतले,
पैशांचे आम्ही मासे आणि बटाटे खाल्ले,
कर्स्टी अख्खा वेळ माझ्याकडे बघत होती
नवशिक्याकडे बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मला जाग आली.
माझं घर तिथून चार मैल,
इतक्या लांबून काही ऐकू येत नाही, अर्थात.
तरी मी थोडा वेळ
श्वास धरून पडून राहिलो.